रेडमंडने वर केलेलं बोट

काल, रविवारी दुपारी, मला एकच काम होतं. मिसेस लॉर्डनच्या घरी जायचं, जिन्याखालची रेकॉर्डची पेटी उचलायची आणि नदीकाठच्या तळघरात पोचवायची. गाडी जेरोमने, माझ्या नवऱ्याने, चालवली आणि नेहमीसारखा तो बाहेर गाडीतच बसून राहिला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण मिसेस लॉर्डनच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. "म्हाताऱ्या बायकांशी काय बोलायचं ते मला सुचत नाही," म्हणतो. स्वतःच्या आईशी मात्र फोनवर तासन्‌तास हवापाण्याच्या गप्पा झोडतो. मी कधी ते मनावर घेतलं नाही.

घर टेकडीवर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली अख्खं कॉर्क शहर आणि मधून वाहणारी ली नदी दिसते. काल ती फुगून तपकिरी झाली होती. संध्याकाळी पाचला उधाणाची भरती होती आणि वाराही नेमका समुद्राकडून सुटला होता. महापालिकेने सकाळीच काठावरच्या दुकानांना वाळूची पोती वाटली होती.

मिसेस लॉर्डन टेबलाशी बसल्या होत्या. ठेवणीतला निळा कोट अंगात, काठी मांडीवर. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली कधीच न विझणारा तांबडा दिवा, आणि दिव्याखाली त्यांच्या मुलाचा, काहलचा, फोटो. गळ्यात हेडफोन, छातीवर शपथेचा बिल्ला. दारूला शिवणार नाही अशी शपथ बारा-तेराव्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच चर्चमध्ये घेतली होती आणि अठरावं वर्ष लागायच्या आत मोडलीही होती. काहलने पाळली. रात्रभर हजार घामाघूम माणसांना नाचवायचा आणि स्वतः लवंगेच्या गोळ्या चघळत पाणी प्यायचा.

"अगं मजेला, पेटी जड आहे, पोरी. त्या गाडीतल्याला बोलव ना."

"राहू द्या, मी नेते. तुम्ही नक्की येणार ना?"

"येणार तर! कार्ड आलंय मला. सोनेरी अक्षरांचं." त्यांनी ते कार्ड चहाच्या किटलीखाली ठेवलं होतं, डाग पडू नयेत म्हणून. "लिहिलंय, संस्थापकांच्या वतीने. हे संस्थापक कोण गं?"

"रेडमंड."

"मग माझा पोरगा कोण होता?"

मी पेटीसाठी जिन्याकडे वळले. बोलले असते तर त्या तसबिरीसमोर तोंडून शिवी गेली असती.

रेडमंड हेगार्टीचं त्या तळघरात होतं काय? जागा आणि दारूचा परवाना. बाकी सगळं काहलचं. शनिवारच्या नाचाच्या रात्रीला 'उधाण' हे नाव त्याने दिलं, कारण भरतीच्या वेळी तळघराच्या जमिनीतून नदीचं पाणी झिरपायचं आणि त्याला त्याची गंमत वाटायची. शिकागो-डेट्रॉइटहून आलेल्या रेकॉर्ड लंडनच्या दुकानातून मागवायचा, आणि त्यांचा खर्ज असा लावायचा की बरगड्यांमध्ये कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटे. लिमरिक, गॉलवे, बेलफास्टहून बस भरून पोरं येत. तिथे नाचलेल्या पोरांनी पुढे स्वतः संगीत केलं, बर्लिनपर्यंत नाव काढलं. दर शनिवारी पहिला तास मी रेकॉर्ड लावायचे आणि मग त्याच्यासाठी जागा सोडायचे. आता वर हॉटेल झालंय. कालचा कार्यक्रम त्याच्या उद्घाटनाचा. तळघर एक दुपार उघडणार, जुनी मंडळी दोन ते पाच नाचणार आणि जेवायच्या वेळेला घरी जाणार. पन्नाशीतल्यांना आता रात्र झेपत नाही. काहलची पेटी हॉटेलच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवणार आणि शेजारी रेडमंडचा फोटो. हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मिसेस लॉर्डनच म्हणाल्या, ने.

"एका अटीवर ने," त्या काल पुन्हा म्हणाल्या. "शेवटी त्याची शेवटची रेकॉर्ड लाव. वरच आहे, डाग पडलेली. आणि मला त्या रेडमंडच्या समोर बसव. मी आता चर्चमध्ये मिस्सेला मागच्या बाकावर बसते. त्या वेळेपासून. लोक काही म्हणत नाहीत गं, पण त्यांचं ते काही न म्हणणं मला ऐकू येतं. मरायच्या आधी एका माणसाने माझ्या तोंडावर म्हणावं की काहलने हट्ट केला नव्हता. त्याला सांगितलं होतं. बस, एवढंच हवंय मला."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे रात्री दोनला दिवे लागतात आणि गाणं थांबतं. कायदाच आहे. आणि दिवे लागले की गर्दी ओरडते, "अजून एक! अजून एक!" पाय आपटतात, भिंती बडवतात. कुठल्याही गावातल्या कुठल्याही तळघरात जा, हे होणारच. पण परवाना मालकाचा, पोलिसांना तोंड देणार मालक. म्हणून काहलचा नियम होता, रेडमंडने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून एक बोट वर केलं, तरच तो शेवटचं गाणं लावायचा. बोट नाही, तर गाणं नाही. मग तो वाकून यंत्रांच्या विजेचा खटका खाली ओढायचा आणि लवंगेची नवी गोळी तोंडात टाकायचा. एकदाही त्याने हा नियम मोडला नाही. दारूची शपथ पाळणारा माणूस तो.

काहल गेला त्या ऑक्टोबरात मी बहिणीच्या लग्नाला ट्रलीला गेले होते. जेरोमशी माझी तेव्हा ओळखही नव्हती. तो मामाकडे बटाटे काढायला गेला होता म्हणून सांगतो. भरती मोठी होती. रेकॉर्डच्या टेबलामागे पाणी घोट्यापर्यंत आलं. दोन वाजले, दिवे लागले, गर्दी ओरडली, आणि शेवटचं गाणं लागलं. तेव्हाच खटका ओढला असता तर काही झालं नसतं. गाणं चालू असताना पाणी अँप्लिफायरला लागलं, काहल तो उचलायला गेला आणि त्याला चिकटला.

चौकशीत रेडमंड शपथेवर म्हणाला, "मी कार्यक्रम बंद केला होता. त्याने काहीतरी घेतलं असावं. ऐकेचना. हट्टाने लावलं." पेपरात पहिल्या पानावर आलं, 'नशेतल्या डीजेचा हट्ट'. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात काहीच निघालं नाही. ती बातमी आतल्या पानावर आली, कुत्र्यांच्या शर्यतींच्या निकालाखाली. आणि बोट? ते कोणीच पाहिलं नव्हतं. सगळे पाठ करून नाचत होते म्हणे! दोन पेग पोटात गेले की पबमध्ये लोक माझ्या कानाशी लागायचे, "वर केलं होतं गं त्याने, मी पाहिलं." सकाळी विचारलं की कानावर हात. कोणाची आई चिडली असती, कोणाला नुकती बँकेत नोकरी लागली होती, कोणी त्या रात्री नशेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. सगळ्या शहराला माहीत होतं आणि न्यायाधीशासमोर एकालाही माहीत नव्हतं. मिठाची गुळणी धरून बसले सगळे. मी तिथे नव्हते, माझ्या शब्दाला काय किंमत? मिसेस लॉर्डनना मी एवढंच सांगितलं होतं की बोट दिसल्याशिवाय काहलने ते लावलंच नसतं. किती जणांनी पाहिलं ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तर मिसेस लॉर्डनना गाडीतच बसवून मी पेटी घेऊन तळघरात उतरले.

तळघराला खिडकी नाही. भर दुपारी तिथे अमावास्या. हॉटेलवाल्यांनी भिंतींना रंग दिला होता, पण वास तोच. नदीचा चिखल, जुना धूर, भिंतीत मुरलेला घाम. मी टेबलावरचा छोटा दिवा लावला. रेकॉर्ड फिरवायचं टर्नटेबल नवं होतं, अँप्लिफायर उंच फळीवर ठेवला होता. एवढी अक्कल आता आली होती. मी पेटी उघडली, वरची रेकॉर्ड काढली, टर्नटेबलवर ठेवली आणि पुसायला फडकं आणायला वळले.

परत बघते तर रेकॉर्डच्या कडेवर ओला ठसा. अंगठ्याचा. रेकॉर्ड सुरू करायच्या आधी काहल जिथे अंगठा टेकवून ती धरून ठेवायचा, बरोबर तिथे.

माझाच असेल म्हणून मी पुसला. माझे हात कोरडे होते. मग वास आला. चिखलाच्या त्या घाणीतून अगदी स्पष्ट, गोड, जिभेला चुरचुरणारा, लवंगेचा वास. मी कान दिला. पायाखाली, फरशीच्या खाली, फार दूरवर काहीतरी एका लयीत आपटत होतं. भरतीचं पाणी नाल्याच्या झडपेवर आपटत असेल, असं मी मनाशी म्हटलं. मी लहान नाही. पण लय मोजायची सवय जात नाही, आणि नदीचं पाणी असं ठेक्यात आपटत नाही.

"मजेला! काय दिसतेस गं! वय थांबवलंस की काय!"

जिन्यावरून रेडमंड उतरत होता. सुंठ-वेखंड लावलेल्या बाळासारखा गुलाबी, पांढरे केस, भारी सूट. मी त्याने पुढे केलेला हात घेतला नाही.

"मिसेस लॉर्डन येणार आहेत," मी म्हटलं.

"छान, छान! पुढे बसवू. आमचा फोटोवाला आहे."

"फोटो मरू दे. त्यांना सांग."

"काय सांगू?"

"बोट कोणी वर केलं होतं ते."

त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. एवढी वर्षं सराव होता त्याला. "जुनं उकरून कोणाचं भलं होणार आहे, मजेला? म्हातारीला कशाला त्रास? तो गेला, वाईट झालं. मी त्याच्या नावाने हॉटेलात कॉकटेल ठेवलंय, माहिती आहे?"

दारूला कधी न शिवलेल्या माणसाच्या नावाने कॉकटेल! माझ्या हातात रेकॉर्ड पुसायचं फडकं होतं, दुसरं काही असतं तर त्याच्या डोक्यात घातलं असतं.

"इथे लवंगेचा वास येतोय, तुला येतो का?" मी विचारलं.

"ओल आहे. हॉटेलवाल्यांना सांगतो," म्हणून तो वर गेला. पण जाताना तिसरी पायरी सोडून त्याने टांग टाकली. मी पाहिलं.

दोनला लोक आले. टकलं, पोटं, गुडघ्याचे पट्टे, आणि तरी काय नाचले! मनात राग होता तरी खरं ते सांगते, मलाही छान वाटलं. दारावर उभा राहणारा मॉस, आमचा जुना बाउन्सर, आता दोन नातवंडांचा आजोबा, स्पीकरजवळ डोळे मिटून डोलत होता. शाळेत मुख्याध्यापिका झालेली ग्रेनिया चपला काढून नाचत होती. मिसेस लॉर्डन जिन्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. "तुमचा काहल म्हणजे काय माणूस होता हो!" त्या प्रत्येकाला थँक यू म्हणत होत्या. ते हात बघून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

पाच वाजत आले. मी काहलची रेकॉर्ड लावली. डागाजवळ ती थोडी खरखरली, मग तो खर्ज आला आणि सगळे जागच्या जागी थबकून पुन्हा हलायला लागले. ग्रेनिया रडत होती. गाणं संपलं. दिवे लागले. मी सुई उचलली, वाकले आणि काहल ओढायचा तसा विजेचा खटका खाली ओढला. अँप्लिफायरचे लाल ठिपके विझले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कोट घ्यायला खुर्च्यांकडे वळले.

तेव्हा ते सुरू झालं.

"अजून एक... अजून एक..."

आधी वाटलं मागचे लोक ओरडतायत. पण मागचे लोक पुढच्यांकडे बघत होते. मॉसच्या हातात कोटाची एक बाही होती आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. कोणाचंच तोंड हलत नव्हतं. आवाज फरशीतून येत होता. शेकडो तरण्या गळ्यांचा, आणि खाली पाय आपटत होते, आमच्या तळव्यांना खालून धक्के बसत होते. कोणीतरी पुटपुटलं, "हा माझा आवाज आहे... देवा, हा माझाच आवाज आहे."

रेडमंड तिसऱ्या पायरीवर उभा होता. भाषण करायला आला होता. त्याला वाटलं, आम्हीच ओरडतोय. तो हसला आणि जुन्या सवयीने, मोठ्या ऐटीत, त्याने एक बोट वर केलं.

खटका खाली होता. सुई हवेत होती. तरी टर्नटेबल फिरायला लागलं. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. आणि तो खर्ज आला. स्पीकर मेलेले होते, तो जमिनीतून आला आणि बरगड्यांत शिरला. लवंगेचा वास इतका दाटला की डोळ्यांना पाणी आलं.

"बास... बास झालं, मजेला," रेडमंड म्हणाला.

"मी काही करत नाहीये."

त्याने हात खाली घ्यायला पाहिलं. हात येईना. दुसऱ्या हाताने ते बोट धरून ओढलं, नखाशी पांढरंफटक पडेपर्यंत ओढलं, तरी ते छताकडेच. मग त्याच्या पँटचा रंग बदलायला लागला. खालून वर. बूट, घोटे, पोटऱ्या. आम्ही खाली कोरड्या फरशीवर उभे होतो आणि तो आमच्यापेक्षा तीन पायऱ्या वर पाण्यात भिजत चालला होता. पाणी दिसत नव्हतं. त्याच्या बुटांभोवती नुसता डुबुक डुबुक आवाज येत होता.

कोणी हललं नाही. मिसेस लॉर्डन उठल्या. काठी टेकत पायरीशी गेल्या आणि वर बघून, एखाद्या हट्टी पोराशी बोलावं तसं हळू बोलल्या.

"रेडमंड, बोट खाली घे."

"येत नाहीये... मिसेस लॉर्डन, खरंच येत नाहीये..."

"त्या रात्री वर केलं होतंस?"

पाणी गुडघ्याच्या वर गेलं. फरशीखालचे पाय जोरात आपटायला लागले.

"मला फक्त सांग. मला तुझं दुसरं काही नको."

"हो..."

"मला ऐकू कमी येतं. मोठ्याने."

"हो! मीच... तो नको म्हणत होता. पाणी आलंय म्हणाला. मला ओरडून म्हणाला, खटका ओढतो. आणि मी... मी बोट वर केलं. अजून एकच म्हटलं. एकच."

खर्ज थांबला. टर्नटेबल दोन गिरक्या घेऊन स्थिर झालं. कोणी धागा कापावा तसं बोट खाली आलं, आणि रेडमंड पायरीवर बसला. त्याच्या बुटांतून तपकिरी पाणी पायऱ्यांवरून ओघळत खाली आलं. हे सगळ्यांनी पाहिलं. फोटोवाल्यानेही पाहिलं, पण त्याच्याकडून फोटो काढला गेला नाही.

मिसेस लॉर्डननी डोळे मिटले. ओठ हलत होते, प्रार्थना करत असतील. मला वाटलं, झालं. सुटली बाई.

मग मॉस पुढे आला. टोपी हातात. "मिसेस लॉर्डन, मी... मी पाहिलं होतं. मी दारातच होतो."

"मीपण," ग्रेनिया म्हणाली. ती हमसून रडत होती. "मी बरोबर समोर होते."

आणि मग कोंडलेलं पाणी फुटावं तसे सगळेच बोलायला लागले. मी पाहिलं. मीही. आम्ही दोघं होतो. माझा भाऊपण होता. एका बाईने मिसेस लॉर्डनचा कोट धरला, कोणी गुडघ्यावर बसलं. केवढं हलकं वाटत होतं एकेकाला! तोंडावर उजेड आला होता त्यांच्या. फादरसमोर पापं कबूल करून बाहेर पडताना येतो तसा. जणू म्हाताऱ्या बाईला ते भेटच देत होते.

त्यांनी डोळे उघडले. एकेकाकडे पाहिलं. त्यांचे हात मघाशी कोणी कोणी हातात घेतले होते ते बहुतेक आठवत होत्या.

"तुम्ही सगळे?" त्या म्हणाल्या.

मॉसने हातातली टोपी चुरगळली.

"मला वाटायचं, बिचाऱ्यांनी कोणी पाहिलंच नसेल. मी रोज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करायचे. पोरांनी डोळ्यांसमोर मरण पाहिलं, त्यांना शांती दे म्हणून." त्यांनी आपला कोट त्या बाईच्या मुठीतून सोडवला. "मजेला, पेटी घे. इथे ठेवायची नाही. मला घरी ने."

मी पेटी घेतली. रेडमंडला ओलांडून आम्ही वर गेलो. त्याने मान वर केली नाही.

बाहेर पाणी धक्क्याच्या कडेला टेकलं होतं. जेरोम गाडीत होता. मी पेटी मागे ठेवली, मिसेस लॉर्डनना बसवलं आणि पुढे बसले. त्याने एकदम काच खाली केली.

"कसला वास येतोय हा?"

"लवंगेचा."

त्याने गाडी सुरू केली. पूल ओलांडल्यावर म्हणाला, "रेडमंड बोलला?"

"बोलला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही बोलले. आता! एवढ्या वर्षांनी! थुंकावंसं वाटतं मला त्यांच्या तोंडावर."

त्याने आरशात पाहिलं नाही. अख्ख्या रस्त्यात एकदाही नाही. टेकडीवर पोचल्यावर मिसेस लॉर्डननी उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थँक यू, जेरोम. तू एवढा शांत मुलगा, बरं वाटतं तुझ्या गाडीत." तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. थकला असेल, मला वाटलं.

आज सोमवार. पहाटे उजाडायच्या आत फोन वाजला. मॉस होता. त्याचा आवाज मला ओळखूच येईना.

"मजेला... माझे बूट. कपाटात ठेवले होते, वरच्या मजल्यावर. काठोकाठ पाणी आहे त्यांत. खारट. मी... मी चाखून पाहिलं."

ठेवते न ठेवते तोच ग्रेनिया. तिच्या शाळेत घालायच्या चपला, सपाता, नवऱ्याचे नव्हे, फक्त तिचे. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. सगळे त्या रात्री तळघरात असलेले, बोट पाहिलेले. त्या रात्री तिथे नसलेल्यांपैकी दोघांना मी स्वतः फोन केला, त्यांचे बूट कोरडे. माझेही दारात कोरडे खडखडीत. रेडमंडला रात्रीच इस्पितळात नेलंय म्हणे. पाय सुकत नाहीत, टॉवेलवर टॉवेल भिजतायत.

खरं सांगते, मला दया आली नाही. कोणाचीच. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, वकिलाकडे जा, लिहून दे, सही कर. मग बघ सुकतात का. फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी छान भूक लागली. चहाचं आधण ठेवलं, पाव कापला, आणि कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला मागच्या दाराशी गेले.

तिथे जेरोमचे बूट आहेत. काळे, मिस्सेला जायचे. काल तो मिस्सेला गेला नव्हता, ते घातलेही नव्हते. मीच शनिवारी पॉलिश करून ठेवले होते. दोन्ही काठोकाठ भरलेत. तपकिरी पाणी, वर हिरवं शेवाळ. मी बोट घालून पाहिलं तर तळाशी काहीतरी कडक लागलं. लवंगेची गोळी. एवढ्या पाण्यात न विरघळलेली.

मी ते पाणी ओतून दिलं नाही. बूट उचलून आणले, पेपर पसरला आणि टेबलावर त्याच्या जागेसमोर ठेवले, कपाच्या शेजारी. आणि इथे बसले. मामाचे बटाटे म्हणे! एका टेबलावर वीस वर्षं जेवलो आम्ही. काहलचा विषय निघाला आणि मी रडले की हा उठून मला चहा करून द्यायचा.

वर पलंग करकरला. उठला वाटतं. तो नेहमी अनवाणी उतरतो, मांजरासारखा, पाऊल वाजत नाही त्याचं. आज वाजतंय. पहिली पायरी, दुसरी, आणि प्रत्येक पावलागणिक पाणी डुबुक डुबुक करतंय. तिसऱ्या पायरीवर तो थांबलाय.

थांबू दे. मी चहा ओतलेला नाही. आधी विचारणार आहे.